पन्नास रुपयांची धार

परवा दुपारी फडके रोडच्या कोपऱ्यावर एक माणूस प्लास्टिकचा कागद अंथरून बसला होता. कंगवे, कानकोरणी, सेफ्टी पिनांचे झुबके, नेलकटर, आणि कडेला ओळीनं मांडलेले घडीचे चाकू. मी भाजीला निघाले होते, पण थांबले. एक चाकू उचलून उघडला तर तो कुरकुरला आणि मिटताना अर्ध्यात अडला. पातं मुठीत डुगडुगत होतं. मूठ प्लास्टिकची, तिच्यावर लाकडाच्या रेघा छापलेल्या. पात्यावर ‘स्टेनलेस’ एवढा एकच शब्द उमटवलेला, म्हणजे बनवणाऱ्यालाही दुसरा गुण सुचला नसावा. ‘घ्या मावशी, पन्नासला.’ चाळीसला दिला असता त्यानं. मी घासाघीस न करता घेतला. अशा चाकूच्या बाबतीत घासाघीस करायची म्हणजे अपमानच.

घरी आल्यावर हे म्हणाले, ‘आणखी एक?’ मी उत्तर दिलं नाही. ज्या घरात बंद पडलेली तीन घड्याळं ‘दुरुस्तीला टाकायची आहेत’ म्हणून जपून ठेवलेली असतात, तिथं मला चाकूंचा हिशोब विचारू नये.

खरं म्हणजे चाकू ही आमच्याकडे बायकांची वस्तूच नव्हती. बायकांची विळी. विळीचं पातं एका जागी उभं असतं आणि भाजी त्याच्याकडे जाते. पायाखाली पाट दाबून बसायचं आणि तास-तास उठायचं नाही. चाकू मात्र खिशात बसून शेतावर जातो, एसटीत बसतो, जत्रेला जातो. आणि त्या काळी खिसा होता तो पुरुषांना. आईच्या लुगड्याला खिसा कुठला? तिच्याकडे कनवटीला बांधलेली चिल्लर आणि ब्लाउजात खोचलेला रुमाल. चाकू ठेवायला जागाच नसली की चाकूची आवड निर्माण व्हायची कुठून?

मला फ्रॉकला खिसा होता. आणि कऱ्हाडजवळ पालीच्या खंडोबाची जत्रा होती.

पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. तारळी नदीच्या वाळवंटात माणूस मावत नाही, आणि संध्याकाळपर्यंत भंडाऱ्यानं सगळं पिवळं. डोक्याचे केस, बैलांच्या पाठी, भेळेच्या पाटीवरचे चुरमुरेसुद्धा. या सगळ्यात मला आठवतं ते एक दुकान. दुकान कसलं, बाजेवर टाकलेलं पोतं. त्याच्यावर माशाच्या आकाराचे चाकू. पितळी रंगाचा मासा, अंगावर खवल्यांची नक्षी, शेपटीला किल्ल्या अडकवायची कडी, आणि पोटातून पातं निघायचं. अप्पांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला तसला एक होता. मला तस्साच पाहिजे होता.

आजी म्हणाली, ‘पोरीला चाकू कशाला?’

अप्पा म्हणाले, ‘पेरू खायला.’

एवढ्यावर विषय संपला. आजीनं एकच अट घातली, कुणाच्या हातात चाकू द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. हातात दिला की भांडण होतं. रिकामी कात्री कचकच चालवली तरी भांडण व्हायचं म्हणे, आणि आमच्याकडे भांडणं तर कात्री नसतानाही व्हायची. पण सवय लागली ती लागली. अजूनही मी चाकू टेबलावर ठेवते आणि समोरचा हात पुढे करून तसाच थांबलेला असतो.

अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. सकाळची प्रार्थना झाली की पहिलीची पोरं त्यांच्या खुर्चीभोवती रांग लावायची, पेन्सिलीला टोक काढून घ्यायला. शार्पनर नव्हते असं नाही, पण ते शिसं मोडायचे. ब्लेड पोरांच्या हाती द्यायची नाही. मग अप्पांचा मासा. पेन्सिल तर्जनीवर टेकवायची, अंगठ्यानं पातं पुढं ढकलायचं, हात हलवायचा नाही, पेन्सिल फिरवायची. लांबसडक टोक निघायचं, आणि टेबलावर लाकडाच्या पाकळ्यांचा ढीग. तो ढीग पोरं नेऊन वहीत ठेवायची. दूध घातलं की त्याचं रबर होतं अशी एक पक्की बातमी होती. कुणाचंच कधी झालं नाही, तरी बातमी दरवर्षी नव्या पहिलीपर्यंत पोचायचीच.

खंडेनवमीला घरोघर शस्त्रांची पूजा. पाटलांकडे खरी तलवार होती. आमच्याकडे विळी, कोयता, खुरपं, शिवणाची कात्री, आणि शेवटी अप्पांचा मासा नि माझा मासा, शेजारी शेजारी. दोघांनाही हळद-कुंकू, दोघांनाही झेंडूचं एकेक फूल. फूल माशापेक्षा मोठं.

पुढं नोकरीला लागले आणि डोंबिवलीची झाले. लेडीज डब्यात चाकू लागतो हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पेपर पसरून बायका मटार सोलतात, गवार मोडतात, मेथी निवडतात. ठाणं येईपर्यंत अर्धा स्वयंपाक झालेला असतो. फरसबीला मात्र चाकूच हवा. तो विकणाऱ्या बायकाही त्याच डब्यात चढायच्या, रबर बँड आणि टिकल्यांच्या पाकिटांबरोबर हातात चाकूंचा जुडगा. मुंब्र्याच्या आत विकत घेतलेला चाकू कल्याणपर्यंत चार जणींच्या हातांत फिरायचा. कुणी बदलापूरला घेऊन गेलीच चुकून तर दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच डबा, आणून द्यायची. नाही दिला तरी चालायचं. स्वस्त चाकूवर माझा जीव आहे तो मुख्यतः यामुळे. तो मागितला की देता येतो. देताना पोटात कालवत नाही.

माझ्या भाच्यानं मला उलटा अनुभव दिला. त्याच्या लग्नात हळदीनंतर नवऱ्या मुलाच्या हाती द्यायची कट्यार घरी राहिली. लिंबू होतं, कट्यार नव्हती. गुरुजी खोळंबले, वरमाय चिडली, आणि माझ्या पर्समधून घडीचा चाकू निघाला. टोकाला लिंबू खोचलं. पण त्या चाकूला अटक नव्हती. भाच्यानं हात खाली केला की लिंबाच्या वजनानं पातं हळूच मिटायला लागायचं. शेवटी मुलीकडच्या एका आजींनी आपल्या आंबाड्याचं रबर काढून दिलं आणि ते सांध्यावर गुंडाळलं. लग्नाच्या सगळ्या फोटोत भाच्याची उजवी मूठ उपरण्याखाली आहे.

तो आता जर्मनीत असतो. लग्नातल्या चाकूची परतफेड म्हणून त्यानं मला लाल रंगाचा, पांढऱ्या क्रुसाचा, खराखुरा स्विस चाकू आणून दिला. मी चौकशी केली त्याच्या कुळाची. इबाख गावच्या कार्ल एल्सेनरनं १८८४ साली कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले, १८९७ मध्ये आज सगळे ओळखतात त्या चाकूची नोंदणी केली. आई वारल्यावर तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं. फार चांगला मुलगा असणार. चाकूही फार चांगला आहे. उघडताना टक् असा आवाज येतो, मिटताना दुसरा टक्. पातं हलत नाही, डुलत नाही. मी तो दिवाळीला पुसून पुन्हा त्याच्या डबीत ठेवते.

कारण त्यानं मी नारळ कसा उचकटणार? वाटीतून खोबरं काढायचं म्हणजे टोक खाली सारून मूठ दाबायची, आणि पातं कुठं तरी वाकणारच. स्विच बोर्डाचा स्क्रू फिरवायचा, रंगाच्या डब्याचं झाकण उचलायचं, चपलेतला चिखल खरवडायचा, समईवरचं काजळ, गुळाची ढेप, पार्सलची ती राक्षसी चिकटपट्टी. यातलं एकही काम चाकूचं नाही, आणि दिवसभरात निघतात ती हीच कामं. चांगल्या चाकूला ही कामं सांगायला जीभ रेटत नाही, जशी घरी आलेल्या जावयाला गॅसचा सिलिंडर उचलायला सांगवत नाही. पन्नास रुपयांवाल्याला काहीही सांगा.

आणि त्यात थोडं शास्त्रही आहे, नुसती माया नाही. पोलाद किती कठीण होणार हे त्यातल्या कार्बनवर आणि नंतर दिलेल्या पाण्यावर ठरतं. आमच्या दाराशी उतरणारे घिसाडी गाडीच्या जुन्या पाट्यांचे विळे-कोयते करायचे तेव्हा तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ते पाण्यात बुडवायचे, आणि तो क्षण चुकला की आख्खा विळा फुकट. स्वस्त चाकूला पोलादही मऊ आणि पाणीही जेमतेम. म्हणून त्याची धार लवकर जाते. पण जाते म्हणजे तुटत नाही, नुसती वळते. कठीण पात्याचा टवका उडाला की ते कारागिराकडेच न्यायचं. याला कपबशीतला कप उपडा घालायचा. बुडाला जिथं चकाकी चढवलेली नसते ती खरबरीत कड असते ना, तिच्यावर चार हात इकडून, चार हात तिकडून. टोमॅटो कापण्यापुरती धार हजर. उद्या पुन्हा जाईल, उद्या पुन्हा आणायची.

गंजाचं म्हणाल तर तो ‘स्टेनलेस’ शब्द फार मनावर घेऊ नये. पोलाद गंजू नये म्हणून त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. माझ्या एका चाकूला नेमका त्या शब्दावरच गंज चढलाय. लहानपणीच्या माशाला तर क्रोमियमचा वासही नव्हता. कैरी कापली की पातं काळंनिळं पडायचं आणि पहिल्या फोडीला लोखंडाची चव यायची. ती फोड मी कुणाला देत नसे. मलाच आवडायची.

पर्समध्ये चाकू असतो म्हटलं की हल्ली लोक जरा मागं सरकून बसतात. सगळा रामपुरीचा परिणाम. उत्तर प्रदेशातलं रामपूर हे मुळात नवाबांचं संस्थान, तिथल्या ग्रंथालयात केवढ्या हस्तलिखितांचा साठा आहे. पण हिंदी सिनेमानं देशाला शिकवलं ते खट्कन उघडणारं पातं. २०२३ साली त्या गावानं चौकात वीस फुटांचा चाकूच उभारून टाकला. आपल्या शस्त्र नियमांत परवान्याची हत्यारं मोडतात ती नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. माझं पातं माझ्या करंगळीएवढं. एका मॉलच्या दारात पर्स तपासणाऱ्या मुलीनं ते बाहेर काढलं, उघडलं, दोन बोटांत धरून डुगडुगवलं आणि विचारलं, ‘मावशी, ह्यानं कापतं काय?’ मी म्हटलं, ‘पेरू.’ तिनं हसून परत दिलं. खाली टेबलावर ठेवलं मात्र नाही, सरळ हातात दिलं. आजी असती तर आमचं भांडण लागण्याची वाट बघत बसली असती.

अप्पा आता आमच्याकडेच असतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलंय, कापून घेऊ नका, रक्त लवकर थांबणार नाही. दाढीचं यंत्र विजेचं आणलं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या, विळी माळ्यावर. पण कापून दिलेला पेरू ते खात नाहीत. बशी तशीच परत येते. माणसानं आपला पेरू आपण कापावा असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांचं म्हणणं मोडायची आमच्या घरात पद्धत नाही. मग मी सगळे चाकू बाहेर काढले, एकेक तळहातावर ओढून पाहिला आणि त्यातला सगळ्यात बोथट निवडून दिला.

ते गॅलरीत बसतात. तो चाकू अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतात, मग पेरूवर दाबत राहतात. कापत नाहीत, फोडतातच म्हणायचं. एकेक फोड ओबडधोबड होते, बिया सांडतात. हात थरथरतो, पण पातं घसरलं तरी काही होत नाही.

‘धार लाव गं याला,’ ते म्हणतात. ‘पालीला याहून बरे मिळायचे.’

‘लावते,’ मी म्हणते.

एवढ्या पोरांच्या पेन्सिलींना टोक काढलेल्या माणसाला बोथट चाकू हाती का आलाय हे कळत नसेल, असं मला वाटत नाही. तरी ते रोज सांगतात. आणि मी रोज ‘लावते’ म्हणते.