चौघांची फ्लरी: या हंगामात काय जमलं

मागच्या हंगामाच्या शेवटी आमचा चौघांचा संघ फ्लरीत शंभरातले साठ-पासष्ट क्ले, म्हणजे मशीनने हवेत फेकलेल्या बशा, शॉटगनने फोडायचा. आता पंचाहत्तरच्या खाली क्वचितच उतरतो आणि दिवस चांगला असला की पंच्याऐंशीपर्यंत मजल जाते. गंमत म्हणजे चौघांचाही नेम होता तसाच आहे. एकेकटे ट्रॅपच्या नाहीतर स्कीटच्या (क्ले फोडण्याचे नेहमीचे प्रकार) फेरीला उभे राहिलो तर आकडे जुनेच येतात. मग हे जास्तीचे पंधरा-वीस क्ले आले कुठून? या नोंदीत मुख्यतः तेवढंच लिहायचं आहे. ज्यांना फ्लरीचं वेड लागलंय त्यांना ते नक्की उपयोगी पडेल.

जे अजून या प्रकाराकडे वळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही ठिकाणी याला फ्लश म्हणतात. चार नेमबाज एका ओळीत, प्रत्येक जण आपापल्या दांड्यांच्या चौकटीत. समोर आणि दोन्ही बाजूंना क्ले फेकणारी पाच-सहा ट्रॅप मशीन. इशारा झाला की क्ले सुटायला लागतात ते ठरलेला आकडा संपेपर्यंत थांबत नाहीत. 'पुल' म्हणून आपल्या सवडीने क्ले मागवायची सोय नाही. बंदूक भरलेली आहे की उघडी, याच्याशी मशीनला देणंघेणं नसतं. कधी एकच येतो, कधी जोडी, कधी दोन्हीकडून मिळून चार एकदम. कोणीही फोडला तरी संघाला एक गुण, आणि तिघांचे बार एकाच क्लेवर गेले तरी गुण एकच. आम्ही खेळतो त्या मांडणीत शंभर क्ले साधारण तीन मिनिटांत संपतात. त्या तीन मिनिटांत जी मजा आहे ती मला शॉटगनच्या दुसऱ्या कुठल्याच प्रकारात सापडलेली नाही.

ट्रॅप आणि स्कीट मला मनापासून आवडतात. स्कीटची उंच आणि बुटकी अशी दोन घरं, आठ स्थानकं, प्रत्येक क्लेचा ठरलेला रस्ता. शिस्त शिकावी तर तिथेच. पण तिथला संघ म्हणजे शेवटी बेरीज असते. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅपची मिश्र सांघिक स्पर्धा टोकियोत पहिल्यांदा झाली आणि स्पेनच्या फातिमा गाल्वेझ व अल्बर्टो फर्नांडेझ यांनी सान मारिनोला ४१-४० असं हरवून सुवर्ण घेतलं. २०२४ साली पॅरिसमध्ये स्कीटचीही मिश्र सांघिक स्पर्धा आली. तिथे कांस्यपदकाच्या लढतीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका चीनकडून ४३-४४ असे हरले. एका क्लेने पदक गेलं. ती लढत बघताना माझ्या मनात सारखं येत होतं की जोडीदाराच्या हातून निसटलेला क्ले दुसऱ्याला डोळ्यांसमोरून जाताना दिसतो, पण त्याला बंदूक उचलता येत नाही. फ्लरीत उचलता येते. शेजाऱ्याचा सुटलेला क्ले अजून हवेत असतो, तुमच्या नळीत एक काडतूस शिल्लक असतं, आणि तो फुटतो तेव्हा शेजारी तुमच्याकडे न बघताच "वा!" म्हणतो. या 'वा'साठी मी कुठेही जायला तयार आहे.

आता मुद्द्यावर येतो. हंगामाच्या सुरुवातीला आमच्यातल्या धाकट्याने चौकटींच्या मागे फोन उभा करून फेऱ्यांचं चित्रीकरण सुरू केलं. आमचा समज असा होता की सुटलेले क्ले शंभरभर सारखे विखुरलेले असणार. चित्रीकरणात वेगळंच दिसलं. सलग दहा-बारा क्ले व्यवस्थित फुटायचे, मग एका दमात तीन-चार अख्खे निघून जायचे, मग पुन्हा दहा-बारा फुटायचे. आणि ते तीन-चार जात असताना पडद्यावर प्रत्येक वेळी एकच दृश्य असायचं: चारपैकी तीन बंदुका उघड्या.

हिशेब सोपा आहे. तीन मिनिटांत शंभर म्हणजे दर पावणेदोन-दोन सेकंदांना एक क्ले. दुनळी बंदुकीत दोन बार. दोन्ही उडाले की उघडा, रिकामी टोपणं बाहेर, नवी दोन आत, बंद करा, खांद्याला लावा. घाई न करता याला चार-पाच सेकंद जातात. तेवढ्यात दोन-तीन क्ले येऊन जातात. चौघांनी सुरुवातीलाच एकदम बार काढले की चौघं एकदम रिकामे होतात, आणि पुढेही ते चक्र तसंच एकत्र फिरत राहतं. म्हणजे नेम सुधारायच्या आधी बंदुका एकाच वेळी उघड्या राहणार नाहीत हे बघायला हवं होतं.

त्यासाठी आम्ही सुरुवात बदलली. पहिला क्ले डाव्या टोकाच्या नेमबाजाचा, तो काहीही झालं तरी त्याचाच. दुसरा क्ले उजव्या टोकाचा. मधले दोघं पहिल्या चार क्लेंना बार काढतच नाहीत, नेम धरून तयार असले तरी. ऐकायला साधं वाटतं, पण समोरून सोपा क्ले जात असताना बोट चापावरून दूर ठेवणं फार जड जातं. त्याचं फळ मात्र लगेच मिळालं. टोकाचे दोघं काडतुसं भरतात तेव्हा मधल्यांच्या चारही नळ्या भरलेल्या असतात, आणि मधले रिकामे होईपर्यंत टोकाचे परत तयार. पहिल्या दहा सेकंदांत बसलेली ही लय बहुतेक वेळा शेवटपर्यंत टिकते. बिघडली तर सावरायला आमच्याकडे दोनच हाका आहेत: "रिकामी!" आणि "भरली!" शेजाऱ्याने "रिकामी" म्हटलं की त्याच्या बाजूचा आकाशाचा पट्टाही माझा. "भरली" ऐकलं की मी माझ्या पट्ट्यात परत. आधी "डावा", "उंच", "तुझा", "सोड" असं बरंच काही ओरडून पाहिलं होतं. कानांवर मफ, चार बंदुकांचा आवाज आणि लक्ष आकाशात, अशा वेळी तीन अक्षरांपेक्षा जास्त डोक्यात शिरतच नाही. एकाच विकेटवर वर्षानुवर्षं एकत्र धावलेल्या फलंदाजांसारखं, आता अनेकदा हाक यायच्या आधीच कळतं.

काडतुसं भरण्याचा सराव मी वेगळा केला, आणि या हंगामात माझी वैयक्तिक प्रगती कुठे झाली असेल तर तिथेच. पाऊचमध्ये काडतुसं ओतून ठेवत नाही. सगळ्यांची पितळी बूड एका दिशेला येतील अशी रचून ठेवतो. उजवा हात आत गेला की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशा तिघांत दोन काडतुसं एकदम येतात, एकावर एक, नळ्यांच्याच अंतराने. बंदूक उघडताना दस्ता काखेखाली येतो, नळ्या समोर आणि खाली. खाली अशासाठी की त्या वर राहिल्या तर आकाशाचा एक तुकडा झाकून टाकतात. खालचं काडतूस आधी टेकवायचं, वरचं त्याच्या आधाराने आपोआप तोंडाशी येतं, अंगठ्याने दोन्ही आत लोटायची. या सगळ्यात नजर बंदुकीकडे जाऊ द्यायची नाही, कारण खाली वाकलेल्या डोळ्यांना पुन्हा वर जाऊन क्ले शोधायला जो वेळ लागतो तो भरण्याच्या वेळेपेक्षाही महाग पडतो. घरी सराव करताना फक्त डमी काडतुसं वापरतो, खरी त्या खोलीतच नसतात. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत हे इतकं केलंय की आता बोटं आपलं काम करतात आणि डोळे मोकळे राहतात. इजेक्टर असलेली बंदूक इथे फार सोयीची. टोपणं खांद्यावरून मागे उडतात, हाताने ओढायची गरज नाही. एकच आहे, मागे उभ्या राहणाऱ्यांनीही चष्मा घालायलाच हवा.

डोळ्यांबद्दल थोडं. एकट्याच्या फेरीत क्ले कुठून येणार ते माहीत असतं, म्हणून नजर तिथे रोखता येते. इथे आधी नजर सैल सोडायची, झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर, आणि हालचाल टिपली की एकाच क्लेच्या पुढच्या कडेवर घट्ट बसवायची. नळीच्या टोकाच्या मण्याकडे बघितलं की बंदुकीचा झोका थांबतो आणि बार मागे पडतो. तीस मीटरवरून सेकंदाला वीस मीटर वेगाने आडवा जाणारा क्ले घ्या. छर्ऱ्यांना तिथवर पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे क्लेच्या दोन मीटर पुढे बार पडायला हवा. जमिनीवर दोन मीटर पावलांनी मोजून पाहा, अंतर किती मोठं आहे ते पटेल. फ्लरीत हे मोजायला सवडच नसते, आणि मला वाटतं तेच तिचं औषध आहे. मागून झोका घेत क्लेला ओलांडायचं, ओलांडता ओलांडता चाप ओढायचा आणि झोका चालूच ठेवायचा. ट्रॅपवर जे विचार करून करून चुकतात त्यांना मी हमखास फ्लरीला ओढून नेतो.

मशीनकडेही लक्ष द्यायला शिकलो. एक क्ले फेकल्यावर त्याच मशीनचा हात पुन्हा ताणला जायला, नवा क्ले खाली यायला थोडा वेळ लागतोच. म्हणजे आत्ताच डाव्या मनोऱ्यावरून क्ले सुटला असेल तर पुढच्या क्षणी तिथे बघण्यात अर्थ नाही, नजर उरलेल्यांकडे. आमच्या संघातल्या ताई हे सगळ्यांत छान वाचतात. त्यांची बंदूक वळायला लागते तेव्हा क्ले अजून दिसतही नसतो.

सामानात दोनच बदल केले. पहिला, २८ ग्रॅमची काडतुसं सोडून २४ ग्रॅमची घेतली. छर्रे सातव्या हिश्श्याने कमी होतात, मान्य. पण धक्का कमी, त्यामुळे दुसऱ्या बारासाठी नळी लवकर जागेवर येते, आणि शेवटच्या पंचवीस क्लेंना खांदा कुरकुरत नाही. ट्रॅप-स्कीटचे ऑलिम्पिक नेमबाज २४ ग्रॅमवरच खेळतात, तेव्हा क्ले फोडायला ती पुरत नाहीत हे कोणी सांगू नये. दुसरा बदल चोकचा, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं असावं याचा. टोकाचे दोघं पाव चोक लावतात कारण त्यांच्याकडे लांबचे आडवे जास्त येतात. मधल्यांच्या नळ्या मोकळ्या, कारण समोरून डोक्यावर येणारे क्ले जवळून जातात. वरखाली नळ्यांच्या बंदुकीत पहिला बार मी नेहमी खालच्या नळीचा काढतो. ती खांद्याच्या रेषेच्या जवळ असते, म्हणून तोंड कमी उसळतं. सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांशी (त्यांच्या एकनळी बंदुकीत पुढचं काडतूस आपोआप येतं) माझी यावर जुनी चर्चा आहे. धक्का कमी बसतो हे खरंच, पण उघडलेली दुनळी चार पावलांवरूनही सगळ्यांना उघडी दिसते. चौघं खांद्याला खांदा लावून उभे असताना मला ते जास्त मोलाचं वाटतं.

सुरक्षिततेचं इथेच सांगून टाकतो, कारण वेगाच्या खेळात तिला वेग लावायचा नसतो. चौकटीच्या आडव्या-उभ्या दांड्या नळीला शेजाऱ्याकडे वळू देत नाहीत. चौकट नसेल तर आम्ही खेळत नाही. चाप ओढून बार झाला नाही तर नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, त्या वेळात कितीही क्ले जाऊ देत. बार फुसका वाजला तर नळीतून आरपार बघितल्याशिवाय नवं काडतूस नाही, कारण अडकलेल्या वॅडमागे (काडतुसातल्या छर्ऱ्यांमागच्या बुचामागे) दुसरा बार काढला तर नळी फाटते. वीस बोरचं (बारापेक्षा बारीक) काडतूस बारा बोरच्या पाऊचमध्ये चुकूनही येता कामा नये. ते नळीत पुढे सरकून अडकतं आणि त्याच्या मागे बाराचं सहज बसतं. म्हणून वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची असतात, आणि म्हणून आमच्या संघात सगळे बारा बोरच वापरतात. "थांबा" हा शब्द कोणीही उच्चारला, मागे गुण मोजणाऱ्यानेही, तरी चारही बंदुका उघडतात.

आणि क्ले फुटतो ती गोष्ट! ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅमची बशी, डांबर आणि चुनखडीची पूड यांची. १८८० च्या सुमारास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने पहिली बशी केली ती खरोखर भाजलेल्या मातीची होती, आणि ती इतकी कडक व्हायची की छर्रे लागूनही कधी कधी फुटायची नाही. आजची मधोमध लागली की तिचा काळा धूर होतो, कडेला लागली की दोन तुकडे भिरभिरत जातात. फ्लरीत चार क्ले एकदम सुटतात आणि चार बंदुका एकामागून एक बोलतात तेव्हा आकाशात चार काळे ढग वेगवेगळ्या उंचीवर लटकतात, आणि त्यांच्यातून पुढचा क्ले येत असतो. तो कोणाचा हे ठरायला अर्धा सेकंद.

पुढच्या टप्प्यासाठी दोन गोष्टी ठरल्या आहेत. एक, जागा बदलून खेळायचं. आत्ता प्रत्येकाला आपलाच पट्टा पाठ झालाय. डावीकडच्याला उजवीकडे उभं केलं की किती टिकतं ते बघू. दोन, दोघा-दोघांची फ्लरी. चौघांत चार नळ्या तरी हाताशी असतात, दोघांत लय चुकली की आकाश पूर्ण मोकळं. ताई आणि मी एक जोडी, धाकटा आणि आमचे ज्येष्ठ काका दुसरी. काकांनी आधीच जाहीर केलंय की ते पहिला क्ले कोणालाही देणार नाहीत.