पणतीचा उजेड फोटोत उतरवताना

गेल्या दिवाळीत आजीचा एक फोटो काढला होता, मागच्या अंगणात तुळशीवृंदावनापाशी वाकून ती पणतीची वात बोटाने पुढे सरकवतेय, अंगावर जुनी जांभळी इरकल, नाकात मोत्यांची नथ. फोटो शार्प आलाय, चेहरा सुंदर आलाय, पण पणती मेलीये हो त्यात. ज्योतीच्या जागी नुसता पांढरा ठिपका. त्या संध्याकाळी आम्हाला जे दिसत होतं, ज्योतीभोवतीचं ते मऊ वलय, ते काही कॅमेऱ्यात आलंच नाही, कारण ते वलय बरंचसं आपल्या डोळ्यातच तयार होतं, प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो म्हणून. तर ते वलय परत आणायचं म्हणून मी चार रात्री जिम्प, म्हणजे फोटो एडिट करायचं मोफत सॉफ्टवेअर, उघडून बसले आणि त्यात जे हाताला लागलं ते लिहितेय.

पहिल्यांदा मी केलं ते सगळे करतात तेच, मऊ ब्रश घेतला, पांढरा रंग, ज्योतीवर दोनतीन वेळा टेकवला. झालं काय तर पणतीवर धुकं बसल्यासारखं दिसायला लागलं. मग कळलं की आधी उजेड नाही, आधी अंधार करायचा. कर्व्ह्जने, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करायच्या टूलने, मागची भिंत, अंगण, सगळं गडद केलं आणि मास्क लावून, म्हणजे बदल नको तो भाग झाकून, फक्त ज्योतीच्या आसपासचा भाग मोकळा ठेवला. एवढ्यानेच पणती निम्मी पेटली, खरंच, ग्लो अजून टाकलाही नव्हता.

मग फोटोवर एक नवा लेयर, म्हणजे वेगळा थर, पूर्ण काळा, आणि तो खालच्या चित्रात कसा मिसळायचा हे ठरवणारा ब्लेंड मोड स्क्रीन. स्क्रीनमध्ये काळ्याचा खालच्या चित्रावर काहीच परिणाम होत नाही, जे उजळ रंगवाल तेवढाच प्रकाश खालच्यात मिसळतो, म्हणून काळ्यावर बिनधास्त रंगवता येतं. ज्योतीच्या आकाराचा पिवळा ठिपका काढला आणि गॉशियन ब्लर दिला, म्हणजे तो धूसर करून पसरवला. एकच ब्लर दिला की कापसाचा गोळा दिसतो. म्हणून त्याच ठिपक्याच्या तीन कॉप्या केल्या, माझा फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे तर ब्लर साधारण १०, ४० आणि १५० पिक्सेल, आणि रंग बाहेर जाताना बदलत नेला, आत पिवळा, मग केशरी, सगळ्यात बाहेरचा जवळजवळ विटकरी लाल आणि अगदी फिका. ज्योतीचा गाभा पांढराच राहू दिला आणि वातीच्या बुडाशी जो निळा कण असतो ना, तो तर मास्क करून जपला, कारण तो गेला की ज्योत खोटी वाटते.

आणि उजेड कुठेतरी पडायला हवा! आजीच्या बोटांच्या आतल्या कडा, वृंदावनाचा पोपडे आलेला गिलावा, इरकलीचा काठ, जिथे जिथे पणतीचं तोंड आहे तिथे हलका केशरी हात फिरवला, ह्यावेळी डॉज नावाच्या ब्लेंड मोडमध्ये, कारण डॉज अंधाऱ्या जागेला फारसा हात लावत नाही, मुळात उजळ आहे तेच पेटवतो, त्यामुळे काठाची जर आपोआप उठून आली आणि जांभळं कापड शांत राहिलं. वलयापेक्षा ह्या भागाला जास्त वेळ द्या असं मी म्हणेन.

आता चमचम. जिम्पमध्ये फिल्टर्सखाली लाइट अँड शॅडोमध्ये स्पार्कल आहे, ते चित्रातले सगळ्यात उजळ पिक्सेल शोधतं आणि तिथे टोकदार किरण काढतं. नथीसाठी म्हणून लावलं तर आजीच्या पांढऱ्या केसांवरही चांदण्या आल्या, कारण त्याला केस आणि मोती सारखेच. म्हणून नथीचा भाग वेगळ्या लेयरवर घेतला. पण मोत्यावर चांदणी शोभतच नाही, मोती चमकतो तो गोल आणि मऊ, चांदणी हवी ती मधल्या लाल खड्याला. तिथे एकच ठेवली, छोटीशी, सहा टोकांची. लेन्सच्या ॲपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला, सहा पाती असतील तर सहा किरण येतात, सात असतील तर चौदा, पण विषम संख्येचे किरण लेन्समधून कधीच येत नाहीत, त्यामुळे पाच टोकांची चांदणी बघितली की डोळा अडखळतो, कारण सांगता येत नसलं तरी.

एक त्रास राहिला, मोठ्या ब्लरला काळ्या भिंतीवर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसायला लागली. ८ बिटच्या फोटोत एका रंगाच्या फिक्या-गडद अशा २५६ च पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला थोड्याच. २०१८ च्या २.१० पासून जिम्पमध्ये इमेजचं प्रिसिजन, म्हणजे ह्या पायऱ्यांचा बारीकपणा, ३२ बिट करता येतं, ते सुरुवातीलाच करा, आणि जेपेग काढण्याआधी अगदी किंचित नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाका, वर्तुळं त्यात विरून जातात.

आजीला टॅबवर दाखवला. तिने चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवशी वात जाड झाली होती गं, बघ कशी जळतेय." आता प्रिंट काढायचीय तिच्या खोलीसाठी. कागद स्वतः उजळत नाही, त्यामुळे टेस्ट प्रिंटमध्ये वृंदावनाची मागची बाजू पार काळी आलीये, तेवढी कर्व्ह थोडी उचलून उद्या परत द्यायला जाईन.