पानांच्या आरपार दिसतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात लायडारचं, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचं, काम करताना वनरक्षकापासून तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांपर्यंत सगळेच हा प्रश्न विचारतात: "काहो भाऊ, त्या मशीनले पानाच्या आरपार दिसते का?"

नाही दिसत. लेझरचा झोत पानांमधल्या फटींतून खाली उतरतो. भरदुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे पडतात ना, त्याच वाटेने. विमानातून किंवा ड्रोनवरून सेकंदाला लाखो झोत सुटतात. एकाच झोताचा थोडा भाग शेंड्यावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून, उरलासुरला जमिनीवरून. परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश 30 सेंटिमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर 15. एवढा बारीक वेळ मोजणारं घड्याळ हाच या यंत्राचा जीव. शेंड्याच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की झाडाची उंची निघते.

फटींचाच खेळ असल्याने कोणत्या महिन्यात उडायचं हे आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात सागाची हातभर पानं जमीन झाकून टाकतात. एप्रिलमध्ये तोच साग उघडा पडतो आणि जमीन स्वच्छ मिळते. पण तेव्हा झाडांची उंची मोजायला जाल तर बारीक शेंडे निसटतात, झाड आहे त्यापेक्षा बुटकं भरतं. उंचीसाठी पावसाळा सरल्यावरचे दिवस बरे. बांबूची दाट बेटं मात्र त्रास देतात. तिथे संगणक खालच्या पानांनाच जमीन समजतो आणि प्रत्यक्षात नसलेला उंचवटा नकाशात उगवतो. अशा जागी पायी जाऊन बघण्याला पर्याय नाही.

माझा जीव गुंतलाय तो जुन्या बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तलावांमध्ये. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या ही या भागाच्या धानाची खरी ताकद. त्यांच्या कित्येक पाळी (मातीचे बांध) आज झुडपांखाली गेल्यात, उपग्रहाच्या फोटोत तिथे नुसतं हिरवं दिसतं. नकाशातून झाडं उतरवून जमिनीवर तिरपा उजेड पाडला की धनुष्यासारखी वाकलेली पाळ उठून दिसते, ती नेमकी कुठे फुटली ते खिंडारही. दुरुस्तीचा अंदाज काढायला याहून चांगला आधार मी पाहिलेला नाही. अंतराळ स्थानकावरच्या गेडी या लायडारची माहिती फुकट मिळते, पण त्याचा एक ठिपका 25 मीटर रुंदीचा. जंगलाच्या उंचीला तो चालतो, बोडीच्या पाळीला नाही.

एक गोष्ट पाण्याची. नेहमीच्या लायडारची अवरक्त किरणं पाणी शोषून घेतं, त्यामुळे भरलेली बोडी नकाशात बहुतेक रिकामी राहते आणि तळ मिळत नाही. साठवण किती हे काढायचं असेल तर मे अखेरीस, बोडी कोरडी पडल्यावर आणि सागाला पालवी फुटण्याआधी उडायला हवं.