मसाई पठार: विळा फिरायच्या आधी आणि नंतर

घटस्थापनेला चार दिवस राहिले होते. पहाटे रंकाळ्याजवळून गाडी काढली, वाघबीळचा घाट चढून पन्हाळ्यावर चहा घेतला आणि म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर पोचलो तेव्हा धुकं अजून जांभ्या खडकाला चिकटून होतं. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ती वाट याच पठारावरची. पावसाळ्यात तिच्यावर चालणाऱ्यांची रीघ लागते. मी मात्र मसाई देवीच्या देवळापलीकडे गवतात गुडघे टेकून बसलो.

खडकावर जेमतेम चार बोटं माती. तिच्यात गेंदाचे पांढरे गोळे, मधूनच सीतेच्या आसवांचा निळाजांभळा पट्टा, कडेला पिवळा कवला. सीतेची आसवं किडे खाणारी. मातीत नत्र कमी, म्हणून बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. यातली बरीचशी झाडं एका पावसाची सोबती. पुढच्या वर्षी काय उगवणार ते यंदा कुणाचं बी पिकून पडतंय, त्यावर बरंचसं ठरतं.

"काय हरिवलंय पावनं?" मागून आवाज आला. म्हशी घेऊन आलेले एक मामा उभे होते.

"फुलं बघतोय मामा."

"बघा की. पंधरा दिसांनी यायचं तर काय ऱ्हातंय हितं? वरलं गवात आदी कापायचं. तितं माती न्हाई, बिगीनं वाळतंय. खालचं तळ्याकडचं मातूर दिवाळी झाल्याव."

मामांनी सहज सांगितलं, पण मी तिथंच अडकलो. रिचर्ड वेटस्टाइन या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात आल्प्सच्या भागातल्या कुरणांवर हेच पाहिलं होतं. तिथल्या जेन्शियन या रानफुलाच्या एकाच गोतात दोन तऱ्हा आढळतात: एक कापणीआधी फुलून बी टाकून मोकळी होणारी, दुसरी कापणीनंतर फुलणारी. त्याच्या मते ऐन कापणीत फुलणाऱ्यांचं बी पिकायच्या आधीच विळा फिरला आणि शेकडो वर्षांत मधला काळ रिकामा झाला. त्याने याचं कारण कापणीत शोधलं. म्हणजे शेतकऱ्याने हातात बी न घेता निवड केली होती.

जनुकीय विविधता म्हणतात ती हीच. भात एकच, पण आजऱ्याच्या घनसाळाचा वास दुसऱ्या भाताला येत नाही. तसाच फरक रानातल्या एकाच जातीच्या झाडांत असतो. कुणी लवकर फुलतं, कुणी उशिरा, कुणी उघडीप सोसतं. पाऊस लांबला तर यातलंच कुणीतरी तगतं. सगळं पठार एका दिवशी, एका यंत्राने कापलं तर हा फरक हळूहळू पुसला जाईल, असं मला मनापासून वाटतं. मामांची टप्प्याटप्प्याची कापणी म्हणूनच मोलाची.

पँटला कुसळं टोचत होती. हे कुसळी गवत पुष्कळदा परागाचं अंड्याशी मीलन न होताच बी धरतं, त्यामुळे लेकरं हुबेहूब आईसारखी. दरवर्षी वणवा लागला की बाकीचे मागे पडतात, ते फोफावतं. लांबून पाहणाऱ्याला पठार हिरवंगार दिसतं, आतून मात्र ते एकसुरी होत जातं.

म्हशींचं काय? चराई म्हणजे नुकसानच, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. खुरांच्या चिखलातून, शेणातून बी या रानातून त्या रानात जातं. जर्मनीत संशोधकांनी एका मेंढीची लोकर सोळा वेळा तपासली, तेव्हा ८५ जातींच्या साडेआठ हजारांहून जास्त बिया निघाल्या. कळप फिरायचे थांबले की तुटक राहिलेली कुरणं आपापल्यातच फळत राहतात, आणि झाडं थोडी असली तर वंश दुबळा होतो. कंदीलपुष्पाचं तर सगळंच बारीक माश्यांवर अवलंबून. माश्या फुलाच्या नळीत शिरतात, आतले केस सुकेपर्यंत अडकून पडतात आणि सुटल्यावर पराग पुढच्या फुलाकडे नेतात. आसपास दुसरं फूलच नसेल तर तो पराग जाणार कुठं? त्यात त्याचा कंद खणून खातात.

मला खरी धास्ती चाकांची आहे. फोटोसाठी पठारावर गाड्या थेट आत घातलेल्या दिसल्या. चार बोटं मातीत उमटलेला चाकोरा पुढच्या पावसात ओहोळ होतो. आणि जिल्ह्यातल्या ज्या पठारांवर बॉक्साइट या खनिजासाठी जांभाच उकरला, तिथं बियांचा साठा मातीसकट गेला. त्यावर पुन्हा झाडं लावून गेंद परत येत नाही.

दिवाळीनंतर मुद्दाम पुन्हा गेलो. वरचा भाग भुंडा झाला होता, भारे बांधून रचलेले. तळ्याकडचं गवत उभंच होतं आणि त्यात गेंदाची वाळलेली डोकी. एक बोटांत चुरडलं, तर भुकटीसारखं बी तळव्यावर पसरलं. तिथंच फुंकून टाकलं. मामा बांधावर विळ्याला धार लावत बसले होते.

"ह्ये उद्या कापनार," ते म्हणाले.