तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला बुरखा कुठला घ्यावा?

"चाची, पोरीला पहिला बुरखा घ्यायचाय. कुठला घेऊ?" रमजान जवळ आला की, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की, हा प्रश्न मी दिवसातून चारदा तरी ऐकते. रत्नागिरीत बुरखे शिवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. मशीन चालू असताना, दुसरं गिऱ्हाईक ताटकळत असताना जे उत्तर देता येतं ते अर्धंच असतं. म्हणून आज बसून लिहिते.

मी आधी उलटा प्रश्न करते. ही पोरगी दिवसभर करते काय? आई उत्तर द्यायला लागते, तेव्हा मी म्हणते, थांबा, तिला सांगू द्या. एसटीने कॉलेजला जाते का? स्कूटी चालवते का? लॅबमध्ये बर्नरपाशी उभं राहावं लागतं का? दुपारची नमाज कॉलेजातच होते का? कापड, घेर, बाही, लांबी हे सगळं या उत्तरांवर ठरतं. दुकानातल्या पुतळ्यावर जे छान दिसतं ते पुतळ्यालाच छान असतं, कारण त्याला कुठे जायचं नसतं.

माझ्याकडे आरशाशेजारी एक लाकडी स्टूल आहे. एसटीच्या पहिल्या पायरीइतकं उंच, मोजून बनवून घेतलेलं. ट्रायलचा बुरखा अंगात घातला की मी पोरीच्या एका हातात तिचं दप्तर देते आणि सांगते, चढ आता. दुसऱ्या हाताने तिने काठ उचलला नाही आणि गुडघ्याला कापड ताणलं नाही, तर घेर बरोबर आहे. काठ उचलावा लागला तर मी शिलाई उसवते. एसटीत चढताना तो दुसरा हात दांडी धरायला लागतो, कापड सावरायला नव्हे. खाली ओतल्यासारखा सरळ शिवलेला बुरखा फोटोत उंच दिसतो खरा, पण बाजूला कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तिरके तुकडे, घातलेला किंवा छत्रीसारखा घेर असलेलाच रोजच्या धावपळीला उपयोगी पडतो.

लांबीचे नंबर इंचांत असतात: 52, 54, 56, 58. खांद्यापासून काठापर्यंतचं ते माप. साधारण सव्वापाच फूट उंचीच्या मुलीला 54 बसतो, पण नंबरावर विसंबू नका. रोज ज्या चपला घालता त्या घालून या आणि टेप घोट्यापर्यंत धरा. जमिनीला टेकणारा काठ पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात चिखलाने कडक होतो, आणि जिन्यावर पायाखाली येतो.

आता कापड. सगळ्यात जास्त मागणी निदाला आहे. निदा म्हणजे पॉलिस्टरच, पण मऊ, जड न वाटणारा, काळा असूनही न चकाकणारा. चिमटीत घट्ट चुरगाळून सोडा, चांगला निदा सुरकुती धरत नाही. धुतला की लवकर वाळतो, आणि आमच्याकडे जुलैत चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत तेव्हा याची किंमत कळते. उणी बाजू अशी की मे महिन्यात त्यात घाम कोंडतो. कॉटन घाम शोषतं, पण भिजलं की दगडासारखं जड होतं आणि चुरगळतं. जॉर्जेट हलकं, पण उन्हात आरपार दिसतं, म्हणून त्याला अस्तर लागतंच. दुकानात कापडाच्या आत हात घाला आणि दाराशी उजेडात धरा. बोटं मोजता आली तर ते कापड एकेरी शिवू नका. फिक्या रंगांना ही परीक्षा हमखास घ्या. आणि निदा असो वा क्रेप, पॉलिस्टर अंगावर घालून चुलीपाशी, बर्नरपाशी जाऊ नका. आच लागली की ते वितळून कातडीला चिकटतं. लॅबवाल्या पोरींना मी कॉटनचा कोटच सुचवते, अरुंद बाहीचा.

"काळ्यात गरम होत नाही का हो?" हे मला बिगरमुस्लिम मैत्रिणी विचारतात, काळजीने विचारतात. 1980 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वाळवंटातल्या बदू लोकांच्या काळ्या झग्यांवरचा एक अभ्यास आला होता. काळं कापड जास्त ऊन पितं हे खरंच, पण झगा सैल असेल तर ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते, असं त्यात दिसलं. माझ्या मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण सैलपणाचं मी आयुष्यभर सांगत आले आहे. पण ती हवा कोरडी. आपल्या कोकणात घाम वाळतच नाही. म्हणून इथे काखेत सैल, पाठीला न चिकटणारा आणि आत सुती कपड्यांवर घातलेला बुरखा हवा. अंगाला घट्ट बसणारा काळा बुरखा झाकण्याचं कामही करत नाही आणि वर उकडवतो.

रंगाचं विचारता तर, कुरआनात रंग सांगितलेला नाही. सूरह नूर या अध्यायाच्या 31 व्या आयतीत ओढणी छातीवर घ्यायला सांगितलं आहे, सूरह अहजाबच्या 59 व्या आयतीत जिल्बाब, म्हणजे वरून घ्यायचं सैल वस्त्र, अंगावर घ्यायला. त्याच सूरह नूरची 30 वी आयत आधी पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. मुलांच्या आयांना मी ती आवर्जून सांगते. चेहरा झाकण्याबद्दल आलिमांमध्येच, म्हणजे धर्मपंडितांमध्येच, मतभेद आहेत, त्यात शिवणारणीने बोलू नये. काळाच हवा हा आग्रह मात्र रिवाजाचा. सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान यांनीही 2018 मध्ये मुलाखतीत सांगितलं की शरियत काळ्या अबायाचं, म्हणजे अंगभर सैल झग्याचं, बंधन घालत नाही. आपल्याकडच्या दाऊदी बोहरा बाया रिदा हा त्यांचा बुरखा घालतात, गुलाबी, पोपटी, आकाशी, काठाला लेस लावलेला. माझी आजी साडीवरून ओढणी घेऊन बाजारात जायची. सत्तरच्या दशकात कोकणातली माणसं आखातात गेली, आणि माझ्या आठवणीतला आमच्या घरातला पहिला अबाया चाच्याच्या बॅगेतून आला. रिदावाली, ओढणीवाली, अबायावाली, तिघींची लाज एकच होती, कापडं वेगळी. निळा, तपकिरी, राखाडी मागणाऱ्या पोरीला मी कधी परत पाठवत नाही.

बाहीकडे कुणीच लक्ष देत नाही. नमाजाआधीच्या वुजूला हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. बाही कोपराच्या वर सहज सरकली पाहिजे आणि तिथे राहिली पाहिजे. मनगटाला आत इलास्टिक किंवा दोन टिचबटणं पुरतात. लटकणाऱ्या रुंद बाह्या लग्नाला ठेवा, त्या डाळीत बुडतात आणि दाराच्या कडीत अडकतात.

आणि स्कूटी. माझ्या भाचीचा काठ मागच्या चाकात गेला. ती मागे बसली होती, दोन्ही पाय एका बाजूला. गाडी हळू होती म्हणून ती नुसती ओढली गेली, गुडघा फुटला. तो बुरखा मी अजून ठेवलाय. काठापासून हातभर चिंधी झालेली, ऑइलचा काळा पट्टा, काळ्या कापडावरही दिसणारा. दुचाकीवर बसायचं असेल तर पुढून उघडणारा नको, बंद घ्या, बसताना काठ मांडीखाली दाबा, ओढणीचं टोक आत खोचा. गाडीला साडीगार्ड लावून घ्या. हे मी प्रत्येकीला सांगते, ऐकून कंटाळली तरी सांगते.

शेवटची गोष्ट मी मापाच्या निमित्ताने पडद्याआड नेऊन विचारते: तुला हवाय ना? बहुतेक जणी हसून हो म्हणतात, मैत्रिणी घालतात, आवडतो. एखादी गप्प राहते. मग मी बाहेर येऊन आईला सांगते, कापड आज कापत नाही, आठ दिवसांनी या. सुरुवातीला या आठ दिवसांनी माझी काही गिऱ्हाइकं तुटली. तरी मी ते सोडलं नाही. मनाविरुद्ध चढवलेला कपडा पोरगी रस्त्याच्या वळणावर काढून दप्तरात कोंबते, आणि मग तिला घरापासून लपायची सवय लागते.

गेल्या महिन्यात अशीच एक आठ दिवसांनी एकटी आली. रंग सांगितला नाही, खडे-लेस काही मागितलं नाही. म्हणाली, चाची, खिसा करशील? मी दोन केले, बाजूच्या शिलाईत, वीतभर खोल. ट्रायलला तिने एकात मोबाइल टाकला, दुसऱ्यात एसटीचा पास, आणि मी सांगायच्या आधीच स्टुलावर चढली.