बेल टिश्यू कल्चर, सोलापूर: फुटवे जमले, मुळांवर अडलंय

बियांपासून केलेला बेल आईझाडासारखा निघेलच असं नसतं. शिवाय दशमुळांत बेलाचं मूळ लागतं, त्यापायी झाडं खणली जातात. निवडक झाडाचा तुकडा बाटलीत वाढवून तशीच रोपं करण्याचा (टिश्यू कल्चरचा) खटाटोप त्यासाठी.

सगळ्यात जास्त फरक कांडीनं पडतो. जुन्या फांदीचा डोळा बाटलीत गप्प बसून राहतो. छाटलेल्या फांदीवर किंवा मुळावरून आलेला कोवळा फुटवा घ्या. पानगळ होऊन बेलाला नवी पालवी येते तेव्हा सोलापुरात हवाही कोरडी असते, तेच दिवस चांगले. पाऊस लागला की बुरशी वाढते.

एका डोळ्याची दीड-दोन सेंटिमीटरची कांडी. काटा बुडाशी कापा, त्याच्या बेचक्यात धूळ अडकते. वाहत्या पाण्यात अर्धा तास, ट्वीन-२० (साबणासारखा द्रव) चे दोन थेंब टाकून धुणं, ७० टक्के अल्कोहोल ३० सेकंद, मग ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराईड ५ मिनिटं आणि निर्जंतुक पाण्याच्या पाच धुण्या. मर्क्युरिक क्लोराईड जहाल विष आहे: हातमोजे हवेतच, आणि धुण्यांचं पाणी मोरीत ओतायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. कांडीची पांढरी पडलेली टोकं कापूनच लावा.

माध्यम एमएस (मुराशिगे-स्कूग, क्षार आणि पोषकांचं ठरलेलं मिश्रण). लिटरला साखर ३० ग्रॅम, माध्यम घट्ट करायला अगार ८ ग्रॅम, बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) २.५ मिलिग्रॅम, आयएए (वाढीचं संप्रेरक) १ मिलिग्रॅम, पीएच ५.८, निर्जंतुक करायला १२१ अंशांवर २० मिनिटं. आयएए उष्णतेनं काही प्रमाणात मोडतं, म्हणून ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घाला. पाणी डिस्टिल्डच, बोअरच्या जड पाण्यानं क्षारांचं गणित बिघडतं.

कांडीभोवती तपकिरी वलय दिसलं की लगेच ताज्या माध्यमात हलवा. तो तपकिरी रंग शोषायला माध्यमात कोळसा घालायचा मोह होतो, पण कोळसा बीएपीही शोषून घेतो आणि फुटवे थांबतात.

खरी अडचण मुळांची. आयबीए (मुळं फोडणारं संप्रेरक) मूळ सुरू करतं, पण सतत राहिलं तर लांबी रोखतं आणि बुडाशी नुसता कॅलस (पेशींचा बेढब गोळा) फुगतो. म्हणून सध्याच्या बॅचमध्ये फुटवे थोडेच दिवस आयबीएवर ठेवून बिनसंप्रेरकाच्या अर्ध्या एमएसमध्ये हलवले आहेत.

कल्चर रूम २५ अंशांवर ठेवायला कूलर अजिबात लावू नका. ओलावा आणि बुरशीचे बीजाणू दोन्ही आत येतात. एसीच हवा. हार्डनिंग (बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावणं) मात्र एप्रिल-मेमध्ये नकोच: बाटलीतल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, पिशवी काढली की तासाभरात ते मान टाकतं. मुळांवरचा अगार पूर्ण धुऊन, कोकोपीटमध्ये, पावसाळी दमट हवेत बाहेर काढायचं.