घरचं रक्त, ताजं रक्त आणि झडपेचं ऑपरेशन

हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून, रत्नागिरीहून परळला आलेल्या कुटुंबांची एक मागणी हमखास असते: "बाहेरचं रक्त नको, सख्ख्या भावाचं घ्या, आणि ताजंच द्या." भीती एचआयव्हीची आणि काविळीची. ती समजण्यासारखी आहे, पण आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. नॅट चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी) केलेली पिशवी मिळाली तर उरलेला धोका आणखी घटतो, अगदी शून्य होत नाही इतकंच.

भावाच्या ताज्या रक्तात धोका वेगळाच असतो. त्यातल्या जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी रुग्णाच्या शरीराला कधी कधी परक्या वाटत नाहीत, म्हणून मारल्या जात नाहीत. मग त्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर आणि अस्थिमज्जेवर उलटतात. साधारण आठवडा-दीड आठवड्याने ताप, अंगभर लाल पुरळ, जुलाब, आणि पाठोपाठ रक्तपेशी कोसळतात. प्रकार दुर्मिळ, पण झाला तर दहातले नऊ रुग्ण दगावतात. जपानमध्ये हृदयाच्या ऑपरेशनांत ताजं, नात्यातलं रक्त वापरलं जाई, तेव्हा हे ठळकपणे दिसलं. सख्ख्या नात्यातलं रक्त द्यायचंच असेल तर या पेशी निकामी करायला पिशवीला आधी २५ ग्रे (किरणोत्साराचं एकक) किरणोत्सार द्यावा लागतो. त्यापेक्षा भावाने रक्तपेढीत रक्तदान करावं आणि रुग्णाला दुसऱ्या कुणाची पिशवी मिळू द्यावी. मे महिन्यात आणि दिवाळीत मुंबईत रक्ताची टंचाई असते, तेव्हा तर हे दान फार मोलाचं. ताजेपणाचा आग्रहही सोडावा. १० दिवसांच्या आतलं आणि २१ दिवसांहून जुनं रक्त यांची तुलना हृदयाच्या ऑपरेशनांत झाली आहे. रुग्णांच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

झडपेच्या रुग्णाला नेहमी नडतं ते रक्ताचं आकारमान. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद असलेल्याच्या फुप्फुसांत दाब आधीच वाढलेला असतो. घाईने दोन पिशव्या चढवल्या की पाणी फुप्फुसांत उतरतं: रक्तदाब चढतो, खोकला येतो, आडवं झोपवत नाही. म्हणून एका वेळी एकच पिशवी, मग पुन्हा हिमोग्लोबिन तपासून पुढचा निर्णय. रक्तस्राव चालू असेल तर गोष्ट वेगळी. रक्त देताना किंवा ६ तासांच्या आत दम लागला, ताप आला आणि रक्तदाब उलट घसरला, तर दात्याच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडींनी फुप्फुसाला इजा केल्याचा संशय घ्यावा आणि रक्त लगेच थांबवावं. मूत्रपिंडाचा त्रास आणि जंतुसंसर्गही जास्त पिशव्या घेतलेल्यांत अधिक दिसतो.

पिशव्या वाचतात त्या ऑपरेशनच्या आधी. ४५ किलोच्या बाईच्या अंगात रक्त जेमतेम २.९ लिटर. हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत १.२ लिटर द्राव भरलेला असेल, तर रक्त पातळ होऊन १० हिमोग्लोबिन मशीनवर जाताच ७.१ वर येतं, १२.५ असेल तर ८.८ वर. रक्त द्यायची रेषा बहुतेक ठिकाणी ७.५ च्या आसपास धरतात. २०१७ साली जवळपास ५००० रुग्णांवरच्या ट्रिक्स-३ चाचणीत ती सढळ हाताने रक्त देण्याइतकीच सुरक्षित ठरली. म्हणजे पहिली बाई रक्ताशिवाय सुटणं कठीण, दुसरी सहज सुटू शकते. तारीख ठरताच फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असेल आणि हातात तीन-चार आठवडे असतील तर शिरेतून दिलेलं लोह उपयोगी पडतं. गोळ्या घेत असाल तर सोबत चहा नको. ॲसिट्रॉम, क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधं कधी बंद करायची ते सर्जनकडून लिहूनच घ्या. ट्रानेक्सामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) आणि सेल सेव्हर (सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र) वापरणार का, हेही विचारा.

रक्तगटाची तपासणीही तेव्हाच व्हावी. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे रक्तगट वरवरच्या तपासणीत 'ओ' दिसतो, पण त्या रुग्णाला ओ रक्तही चालत नाही. फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. रुग्णाचा सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्राव) ओ पेशींशी लावून पाहिला की तो उघड होतो, आणि मग दाता शोधायला दिवस लागतात. तिथे मात्र आधी सख्ख्या भावंडांचीच तपासणी करतात, कारण प्रत्येकात तोच गट सापडण्याची शक्यता चारात एक असते. त्यांचं रक्त मिळालं, तरी पिशवी किरणोत्सार देऊनच चढवायची.